कनाल द्यु मिदी: बोट स्वतः चालवायची आणि काठाने चालायचं, पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

कनाल द्यु मिदी म्हणजे दक्षिण फ्रान्समधला जुना कालवा. आधी त्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते जो सगळे विचारतात: नाही, बोट चालवायला लायसन्स लागत नाही. फ्रान्समध्ये सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या कालव्यातल्या बोटी वय १८ पूर्ण असलेला कुणीही चालवू शकतो, कंपनीचा माणूस निघायच्या आधी तासभर सगळं शिकवतो, थोडं अंतर तुमच्याच हातात सुकाणू देऊन चालवून घेतो आणि तेवढ्या सहलीपुरतं एक कार्ड देतो. कालव्यात वेगाची मर्यादाच ताशी ८ किलोमीटर आहे, त्यामुळे ज्याला गाडी येत नाही त्यालाही हे जमतं, फक्त घाई करायची नाही.

मी तुलूजला राहते, कालवा इथून सुरू होतो, आणि दर वर्षी नाशिक-पुण्याकडून कुणी ना कुणी फोन करून विचारतं की आम्हाला ती बोटीची ट्रिप करायची आहे, तुलूज ते समुद्र सगळा कालवा आठवड्यात होईल का? तर होणार नाही, आणि करूही नका. कालवा २४० किलोमीटर लांब, वाटेत ६० च्या वर लॉक (बोट वर-खाली नेणारे दारं असलेले हौद, ते पुढे सांगते), म्हणजे दिवसभर दोर ओढत बसाल आणि काठावर पाय ठेवायला वेळ मिळणार नाही. या लेखात मी जे सांगणार आहे ते एवढंच की छोटा तुकडा निवडा, अर्धा दिवस बोट आणि अर्धा दिवस पाय, असं ठेवा, कारण या भागातलं बघण्यासारखं बरंचसं काठापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि नुसतं बोटीत बसून राहिलात तर ते दिसतच नाही.

थोडं कालव्याबद्दल

हे माहीत असेल तर बघायला जास्त मजा येते म्हणून सांगते. अटलांटिक आणि भूमध्य समुद्र जोडायचा विचार जुना होता, अडचण एकच होती, मधल्या उंचवट्यावर पाणी आणायचं कुठून. पिएर-पॉल रिके नावाचा बेझिए गावचा माणूस, मिठावरचा कर गोळा करण्याचं काम करायचा, इंजिनिअर अजिबात नाही, त्याने हे कोडं सोडवलं. उत्तरेकडच्या माँतान्य न्वार डोंगरातले ओढे अडवायचे, सॅं-फेरेओलला मोठं धरण बांधायचं आणि पाटाने ते पाणी नोरूझच्या खिंडीत आणून सोडायचं, तिथून अर्धं पश्चिमेला तुलूजकडे आणि अर्धं पूर्वेला भूमध्य समुद्राकडे. १६६६ साली चौदाव्या लुईने परवानगी दिली, कामावर एके काळी १२ हजारांपर्यंत माणसं होती, त्यात डोक्यावरून माती वाहणाऱ्या बायकाही होत्या, आणि १६८१ च्या मे महिन्यात कालवा सुरू झाला. रिके मात्र १६८० च्या ऑक्टोबरमध्ये गेला, स्वतःचा बराच पैसा यात घालून, पूर्ण झालेला कालवा न बघता. १९९६ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. साडेतीनशे वर्षं तेच पाणी त्याच वाटेने येतंय, आणि तुम्ही लॉकमध्ये उभे असताना खाली जाणारं पाणी त्या डोंगरातलं आहे हे लक्षात ठेवा.

कोणता महिना

कालवा साधारण नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीसाठी बंद असतो, काही ठिकाणी पाणीही उतरवतात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीचा बेत असेल तर तारखा नीट बघा. मे, जून आणि सप्टेंबर सगळ्यात उत्तम. सप्टेंबरमध्ये द्राक्षांची तोडणी चालू असते, मिनेर्व्हुआ या वाइनच्या भागातले मळे अगदी काठाला लागून आहेत आणि ट्रॅक्टर द्राक्षं भरून जाताना दिसतात. जुलै-ऑगस्ट मी स्वतः टाळते, पारा ३५ च्या वर सहज जातो, बोटीचं भाडं सगळ्यात जास्त, लॉकपाशी रांगा, आणि बोटीच्या केबिनमध्ये रात्री गुदमरायला होतं.

उन्हाचा मुद्दा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. फोटोत तुम्ही जी दोन्ही बाजूंनी कमान केलेली प्लेनची झाडं (आपल्या चिनारच्या जातीची) बघता, ती एकेकाळी ४२ हजारांच्या आसपास होती. २००६ मध्ये त्यांच्यात एक बुरशीचा रोग सापडला, त्याला औषध नाही, लागण झालेलं झाड आणि शेजारची झाडं तोडून जाळावी लागतात. हजारो झाडं गेली आहेत, विशेषतः ओद जिल्ह्यात, काही पट्टे आज उघडे पडलेत आणि तिथे लावलेली नवी झाडं अजून लहान आहेत. म्हणून टोपी आणि पाणी हवंच. आणि याच कारणाने एक नियम अगदी पक्का पाळा: बोट कधीही झाडाला बांधायची नाही. दोराने साल सोलली की तिथून रोग शिरतो आणि दोराबरोबर पुढच्या झाडाला जातो. बोटीत लोखंडी खुंट्या आणि हातोडा दिलेला असतो, काठावर त्या ठोका आणि त्यांनाच बांधा.

व्हिसा आणि पोचायचं कसं

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंटच मिळत नाहीत तेव्हा दोन-तीन महिने आधी हात घाला. मोठ्यांची फी ९० युरो, शिवाय ३० हजार युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा. राहण्याचा पुरावा म्हणून बोटीचं कन्फर्म बुकिंग जोडायचं, त्यावर सगळ्यांची नावं, तारखा आणि बंदराचा पत्ता छापून घ्या, आणि एक साधं पत्र लावा की या रात्री आम्ही बोटीवरच झोपणार आहोत, अमुक गावापासून तमुक गावापर्यंत. हॉटेलच्या बुकिंगची सवय असलेल्या माणसाला कागद बघून कळायला पाहिजे एवढंच.

पॅरिसहून नार्बोन किंवा बेझिएला थेट टीजीव्ही, म्हणजे इथली वेगवान रेल्वे, आहे, साडेचार तासांच्या आसपास लागतात, तिकीट आधी काढलं की बरंच स्वस्त पडतं. तुलूजला विमानाने आलात तर इथलं मुख्य स्टेशन मातॅब्यो कालव्याला लागूनच आहे, गाडीच्या आधी तासभर असेल तर बाहेर येऊन बघून घ्या. तिथून लोकल गाडी कास्तेलनोदारी, कार्कासोन, लेझिन्यां, नार्बोन, बेझिए अशी जवळपास कालव्याच्या सोबतीनेच जाते, आणि ही गाडी चालणाऱ्यांच्याही फार कामाची आहे, ते पुढे येईल.

कुठला तुकडा घ्यायचा

माझं मत स्पष्ट आहे, पहिल्यांदा येणाऱ्यांनी ऑम्प्स किंवा आर्जांस या गावांतून बोट घ्यावी आणि पूर्वेला बेझिएच्या दिशेने जावं. कारण आर्जांसच्या लॉकनंतर थेट बेझिएच्या फोंसेरानपर्यंत ५४ किलोमीटर एकही लॉक नाही, रिकेच्या माणसांनी डोंगरउताराची एकच पातळी धरून कालवा वळवत वळवत नेलाय. म्हणजे नवख्या माणसाला सुकाणू हातात बसेपर्यंत निवांत वेळ मिळतो. ऑम्प्सहून निघालात तर आर्जांसपर्यंत चार ठिकाणी लॉक लागतात, त्यातले दोन दुहेरी, सगळे उताराचे. उतार सोपा असतो, तोच आधी शिकून होतो, आणि परत येताना चढाचे लॉक लागतात तेव्हा तुम्ही तयार झालेले असता. मी तर ऑम्प्सच सुचवेन, लॉकचा अनुभव न घेता परत जाणं बरोबर नाही.

कार्कासोनचा किल्ला कालव्यातूनच बघायचा असा हट्ट पुष्कळांचा असतो. किल्ला सुंदर आहे, पण कास्तेलनोदारी ते कार्कासोन या ४० किलोमीटरमध्ये लॉकमागून लॉक आहेत, गावातून बाहेर पडतानाच चार टप्प्यांचा एक लॉक, लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर दमून जाल. कार्कासोन ट्रेनने करा, स्टेशनसमोरच कालवा आहे आणि तिथून किल्ला चालत अर्धा तास.

बोट बुक करताना

बोटीवर लिहिलेलं असतं ४+२ वगैरे, त्यातले दोन म्हणजे रात्री बैठकीचा सोफा उघडून झोपणारे. चार माणसांना ४+२ घ्या, सहा माणसं त्यात भरू नका. पुढच्या टोकाला आडवा पंखा असलेली बोट, बो थ्रस्टर म्हणतात, मिळत असेल तर जरूर घ्या, बंदरात बोट लावताना फार मदत होते. भाडं सोडून काय काय द्यावं लागतं ते आधीच विचारा: डिझेल इंजिनाच्या तासांवर लावतात, सफाई वेगळी, सायकली वेगळ्या, डिपॉझिट कार्डावर अडकवून ठेवतात किंवा त्याऐवजी विमा घ्यायला सांगतात, आणि बोट एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडायची असेल तर त्याचे जास्तीचे पैसे. डिपॉझिटसाठी भारतीय कार्डाची परदेशातली मर्यादा बँकेत जाऊन वाढवून ठेवा. निदान एक सायकल घ्याच, ब्रेड आणायलाही तीच लागते.

विजेचं नीट समजून घ्या. बंदरात वायर जोडलेली असेल तरच २३० व्होल्ट मिळतात, एरवी बोटीची बॅटरी १२ व्होल्टची, त्यावर दिवे, पंप, फ्रीज चालतात. मिक्सर, इंडक्शन, हेअर ड्रायर यातलं काही कालव्यात मधेच चालत नाही. गॅसची शेगडी मात्र असते, त्यामुळे छोटा कुकर आणा, खिचडी, पिठलं, उपमा सगळं होतं. चटण्या घरून कोरड्या करून आणा.

आणि सामान भरताना हे लक्षात ठेवा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, चीज काही नाही. ताजा कढीपत्ता, कोथिंबीर, भाज्यासुद्धा कागदपत्रांशिवाय चालत नाहीत. कोरडे मसाले, डाळी, पोहे, लाडू तेलातले असतील तर ठीक. तुपाच्या ऐवजी इथलं लोणी घ्या, कढवलं की झालं तूप, आणि इथलं लोणी इतकं चांगलं असतं की कुणी तक्रार करत नाही.

लॉक कसा पार करायचा

इथे जरा थांबून सांगते कारण सगळ्यांना भीती याचीच वाटते. लॉक म्हणजे कालव्याच्या दोन पातळ्यांमधला दगडी हौद, दोन्ही टोकांना दारं. खाली जायचं असेल तर भरलेल्या हौदात शिरायचं, मागचं दार बंद होतं, पाणी सोडतात, बोट खाली जाते, पुढचं दार उघडतं. वर जायचं असेल तर उलट. बाहेर दिवा असतो, लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे या, लाल-हिरवा दोन्ही म्हणजे तयारी चालू आहे. काही ठिकाणी लॉककीपर असतो, काही ठिकाणी तुम्हालाच बटण दाबायचं असतं.

उन्हाळ्यात लॉक साधारण ९ ते ७ चालतात आणि दुपारी साडेबारा ते दीड जेवणाची सुट्टी, आणि ही सुट्टी म्हणजे सुट्टी, बारा पंचवीसला पोचून हॉर्न वाजवू नका. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, बोट घेताना त्या वर्षीचा तक्ता मागून घ्या. लॉककीपरला आधी बोंजूर म्हणा, नंतर काय ते विचारा. या देशात हे सगळीकडेच लागू आहे, दुकानात, बसमध्ये, काठावर चालताना समोरून येणाऱ्यालाही.

उताराला: सगळे फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला लटकणाऱ्या धक्का सोसणाऱ्या उशा, खाली सोडलेले, सावकाश आत शिरा, एक जण पुढचा आणि एक जण मागचा दोर घेऊन काठावर उतरतो, तेव्हा बोट काठाच्याच पातळीला असते म्हणून सोपं. दोर काठावरच्या लोखंडी खुंटाभोवती फक्त फिरवून आणायचा आणि टोक हातात ठेवायचं. गाठ कधीही मारायची नाही, हे दहादा सांगितलं तरी कमी आहे, कारण पाणी उतरतं आणि गाठ मारलेली असेल तर बोट दोराला लटकते. पाणी उतरेल तसा दोर सोडत जायचा. बोट मागच्या दारापासून लांब ठेवा, खाली दगडाचा उंबरठा असतो आणि पाणी उतरल्यावर बोटीचं मागचं टोक त्यावर टेकू शकतं.

चढाला: भिंती उंच असतात, खालून दोर वर टाकणं अवघड, म्हणून लॉकच्या आधीच एका माणसाला काठावर उतरवा, त्याने चालत वर जाऊन थांबायचं, बोट आत आली की खालून दोर फेकायचा किंवा बोटीच्या आकडीने वर द्यायचा. पाणी जोरात आत येतं, बोट पुढे-मागे ओढली जाते, तेव्हा पुढचा दोर सतत ताणून धरायचा आणि ढिला पडेल तसा ओढून घ्यायचा. इथले लॉक बदामासारखे मधे फुगीर आहेत, मातीच्या दाबाने भिंती आत कोसळू नयेत म्हणून रिकेने तसे बांधले, पण त्यामुळे बोट भिंतीला सरळ टेकत नाही आणि हेलकावते. मुलं डेकवर असतील तर खाली बसलेली आणि लाइफ जॅकेट घातलेली. हात-पाय कधीही बोट आणि भिंत यांच्यामध्ये घालायचे नाहीत, बोट आपटत असेल तर आपटू दे, फेंडर त्यासाठीच आहेत.

बाकी चालवायचे नियम थोडे. उजव्या बाजूने जायचं. सुकाणू फिरवल्यावर बोट दोन-तीन सेकंदांनी ऐकते, तेव्हा आणखी फिरवू नका, वाट बघा. रिव्हर्समध्ये सुकाणूचा फारसा उपयोग होत नाही. बांधलेल्या बोटींच्या जवळून जाताना वेग अगदी कमी करायचा. पुलाखालून जाताना छतावरचे सगळे खाली, छत्री बंद, सायकली आडव्या, कापेस्तांचा पूल तर फारच बुटका आहे. अंधार पडल्यावर बोट चालवायला मनाई आहे. कालव्यात पोहायचं नाही, ऑम्प्सजवळ झूआरचा तलाव आहे तिथे पोहता येतं.

आठवडा कसा लावायचा

बोट बहुतेक दुपारी तीन-चारला ताब्यात मिळते. त्या दिवशी निघायची धडपड करू नका, ऑम्प्समध्येच मुक्काम करा, सामान लावा, संध्याकाळी झूआरपर्यंत चालून या. मंगळवार असेल तर जवळच्या ओलोंझाकला सकाळी आठवडी बाजार भरतो, आठवड्याची भाजी तिथेच भरा. टोमॅटो, वांगी, पीच, बकरीच्या दुधाचं चीज, आणि इथले लुक जातीचे हिरवे ऑलिव्ह, ते खाल्ल्याशिवाय जाऊ नका. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी छोट्या गावांत दुकानं बंद असतात हे धरून चाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पहिला लॉक, आर्जांस पार झालं की पाराझाला जेवायला थांबा. रिके काम चालू असताना याच गावातल्या शातोमध्ये, म्हणजे मोठ्या वाड्यात, राहायचा. पुढे रेप्युद्र ओढ्यावरून कालवाच पुलावर चढून जातो, १६७६ चा पूल, खाली ओढा आणि वर तुमची बोट, इथे कुणाला तरी आधी उतरवा आणि काठावरून फोटो काढायला सांगा, बोटीतून काहीच कळत नाही. संध्याकाळी ल सोमाय, एक जुना दगडी पूल, छोटं देऊळ, जुन्या पुस्तकांचं प्रचंड दुकान. ऑम्प्सपासून हे अंतर वीसेक किलोमीटर.

ल सोमाय ते कापेस्तां २२ किलोमीटर, सलग वळणं आणि मळे, या पट्ट्यात दोघांनी बोट चालवायची आणि बाकीच्यांनी काठाने चालायचं किंवा सायकलने पुढे जायचं असं करून बघा. बोट सहा-सातच्या वेगाने जाते, माणूस पाचने, त्यामुळे फार चुकामूक होत नाही, फक्त भेटायचा पूल आधी ठरवा. कापेस्तांच्या मोठ्या चर्चचा मनोरा लांबून दिसायला लागतो आणि दिसतच राहतो, कारण कालवा वळणं घेत असतो.

त्याच्या पुढचा दिवस माझा सगळ्यात आवडता. कापेस्तांहून पोआलमार्गे मालपाच्या बोगद्यापाशी येता, १६७९ साली खोदलेला, १६५ मीटर, कालव्यासाठी डोंगर पोखरून काढलेला युरोपातला पहिला. एकच बोट मावते, समोरून कुणी येत नाही ना बघा, हॉर्न द्या आणि मग शिरा. बाहेर आल्यावर जागा बघून बोट बांधा आणि वर टेकडीवर आंसेर्यूनला चालत जा, चढ आहे पण छोटा आहे. वर रोमनांच्याही आधीच्या वस्तीचे अवशेष आहेत, आणि खाली माँतादीचं तळं दिसतं, म्हणजे तळं होतं, १३व्या शतकात लोकांनी ते उपसून शेती केली, पाण्याचे सगळे पाट मधल्या एका बिंदूला येतात आणि तिथून भूमिगत नाल्याने याच टेकडीच्या पोटातून पाणी बाहेर काढलं. एकाच टेकडीत तीन बोगदे, मध्ययुगीन नाला, रिकेचा कालवा आणि १९व्या शतकातला रेल्वेचा. ज्यांना पाण्याच्या कामांची आवड आहे त्यांनी इथे अर्धा दिवस काढावा. मुक्काम कोलोंबिएला.

कोलोंबिएहून फोंसेरान सहाच किलोमीटर, बोट तिथेच ठेवा आणि चालत जा. फोंसेरान म्हणजे उतारावर एकाला एक लागून बांधलेल्या लॉकच्या पायऱ्या, ३०० मीटरमध्ये साडेएकवीस मीटर उतार. वर जायच्या आणि खाली यायच्या वेळा ठरलेल्या असतात, उन्हाळ्यात तास दोन तास सहज जातात, आणि परत वर यायचं म्हणजे तेवढेच पुन्हा. काठावर बसून दुसऱ्यांच्या बोटी उतरताना बघायला जास्त मजा येते. तिथून पुढे बेझिए, टेकडीवरचं सॅं-नाझेर कॅथेड्रल, गावात रिकेचा पुतळा. दुपारी परत कोलोंबिए, आणि मग उरलेले दोन दिवस निवांतपणे माघारी, एक मुक्काम कापेस्तां किंवा ल सोमाय.

बोट नको, फक्त चालायचं असेल तर

हेही फार छान होतं. ऑम्प्स ते ल सोमाय, ल सोमाय ते कापेस्तां, कापेस्तां ते बेझिए, तीन दिवस, रोज वीस किलोमीटरच्या आसपास, चढ नाहीच. पूर्वी घोडे बोटी ओढायचे ती ही वाट. खडी आणि माती आहे, पावसानंतर चिखल होतो, पायात साधे चालण्याचे बूट पुरतात. मुक्कामासाठी शांब्र दोत म्हणजे घरगुती खोल्या, नाश्त्यासकट, किंवा चालणाऱ्यांसाठीची जीत, जिथे जेवणाचीही सोय असू शकते पण शाकाहारी आहात हे बुकिंग करतानाच लिहा आणि मासे, अंडी चालतात का तेही स्पष्ट लिहा. कास्तेलनोदारीची कासुले हा इथला अभिमानाचा पदार्थ, पांढऱ्या घेवड्याचा आहे म्हणून शाकाहारी समजू नका, त्यात बदक आणि डुकराचं मांस असतं. बेझिएहून ट्रेनने परत.

कालवा सोडून डोंगरात चालायचं असेल तर मिनेर्व्ह गावाला जा, ओलोंझाकपासून दहाएक किलोमीटर. सेस आणि ब्रियां नद्यांच्या घळींमध्ये खडकावर उभं असलेलं गाव. १२१० मध्ये काथार (चर्चने पाखंडी ठरवलेला ख्रिस्ती पंथ) लोकांविरुद्धच्या धर्मयुद्धाचा सेनापती सिमाँ द माँफोरने वेढा घातला, गोफणयंत्राने पाण्याची वाट तोडली, गाव शरण आलं आणि धर्म सोडायला तयार नसलेल्या १४० च्या आसपास काथार लोकांना जिवंत जाळलं. उन्हाळ्यात सेस नदी इथे कोरडी असते आणि तिने खडकात कोरलेल्या नैसर्गिक बोगद्यांतून चालत जाता येतं.

वाटेवरच्या खुणा शिकून घ्या: पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळा म्हणजे गावाभोवतीची छोटी, आणि फुली मारलेली असेल तर चुकीची दिशा, मागे फिरा. नकाशा आयजीएन या सरकारी नकाशा संस्थेचा, १:२५,०००. जास्त दमदार लोकांसाठी पोर्ट-ला-नूव्हेल ते फोआ अशी काथार वाट आहे, २५० किलोमीटर, किल्ल्यांवरून जाणारी, तिचे दोन दिवस केले तरी सह्याद्रीत फिरणाऱ्यांना घरच्यासारखं वाटेल. उन्हाळ्यात जंगलं आगीच्या धोक्यामुळे बंद ठेवतात, २०२५ च्या ऑगस्टमध्ये इथल्या कोर्बिएर डोंगरात १६ हजार हेक्टर जळालं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी जिल्ह्याची सूचना बघाच. शरद ऋतूत शिकारीचा मोसम असतो, भडक रंगाचे कपडे घाला. अडचणीत ११२.

परतीच्या दिवशी

बोट सकाळी नऊला द्यायची असते, म्हणून आदल्या संध्याकाळीच तळावर पोचा. फ्रीज रिकामा करा, भांडी घासून ठेवा, सफाईचे पैसे दिले असले तरी स्वयंपाकघर तुम्हीच आवरायचं असतं. बोटीला ओरखडा पडला असेल तर स्वतः दाखवा आणि घेताना काढलेले फोटो जवळ ठेवा, डिपॉझिट सोडवल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय निघू नका. ऑम्प्सला रेल्वे नाही, जवळचं स्टेशन लेझिन्यां, टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा कारण सकाळी रस्त्यावर उभं राहून ती मिळत नाही, आणि नार्बोनला गाडी बदलायला तास-दोन तास असतील तर सामान सांभाळायला एकाला बसवून बाकीच्यांनी चालत ले आल बाजारात जाऊन या, तो रोज सकाळपासून दुपारपर्यंत उघडा असतो, पॅरिसच्या गाडीत खायला ब्रेड, चीज आणि फळं तिथूनच घ्या.